डोलणे आणि वीबलन

डोलणारा साप बघून तुम्ही शेवटची टाळी कधी वाजवलीत? जत्रेत, नागपंचमीला, की मोबाइलवर? मी वाजवली ती इथे, उइटहॉर्न या डच गावातल्या माझ्या घरात, दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात. तो साप मीच जन्माला घातला होता.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढायचे आणि घरात घड्या घालायचं काम माझं असायचं. सापांवरचं पत्रक दर वर्षी निघे. साप दूध पीत नाही. साप पुंगी ऐकून नाचत नाही. आणि खाली जाड अक्षरात: साप डोलताना दिसला तर टाळ्या वाजवू नका, तो का डोलतो ते विचारा. या पत्रकाची प्रुफं मी नवव्या वर्षी वाचली आहेत. 'डोलतो'मधला सुटलेला काना मीच पकडला होता, आणि बाबांनी तो आल्यागेल्याला कौतुकाने सांगितला होता.

लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले. पहिलं वर्ष कामाविना गेलं. शेजारच्या आजी वृद्धाश्रमात निघाल्या तेव्हा त्यांची बॉल पायथन मादी मी मागून घेतली. आफ्रिकेतला हा अजगर आपल्या अजगराच्या मानाने बुटका आणि इतका भित्रा की घाबरला की स्वतःचाच चेंडू करतो. नवऱ्याने एकच अट घातली: फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाच्या खणात उंदीर नकोत. उंदरांना वेगळा खण मिळाला. इथल्या मराठी घरांमध्ये माझ्या सापाची बातमी पसरली, लोक बघायला येऊ लागले, आणि दर वेळी मी त्यांना भाषण देऊ लागले. मला ते आवडत होतं. आता वाटतं, जरा जास्तच आवडत होतं.

मग पिल्लांची हौस आली. ब्रेडा शहरात एका गोदामात काम करणारा एक डच गृहस्थ घरी साप पैदा करायचा. त्याने त्याचा नर दोन महिन्यांसाठी द्यायचं कबूल केलं. फार देखणा नर होता, सोनेरी अंगावर काळ्या रेषांची बारीक जाळी. या नक्षीला स्पायडर म्हणतात. पेटी माझ्या हातात देताना तो म्हणाला, 'हा जरा वीबलतो.' त्याने सांगितलं होतं, हे मला आधी लिहून टाकायचं आहे. लपवलं नव्हतं.

मी तेव्हा लायब्ररीतल्या डच भाषेच्या वर्गाला जायचे. माझी एक वही होती, डावीकडे डच शब्द, उजवीकडे मराठी. वीबलन हा शब्द वर्गात खुर्चीवर पाय हलवत बसणाऱ्या मुलांच्या चित्राखाली आला होता. त्याच्यासमोर मी माझ्या अक्षरात लिहिलं होतं: डोलणे. परतताना गाडीत नवऱ्याने विचारलं, तो काय म्हणाला? मी म्हटलं, 'म्हणतोय की हा जरा डोलतो.' आम्ही दोघं हसलो. डोलणारा साप आपल्याला नवा थोडाच आहे. उलट न डोलणारा साप बघितला तर आपल्या लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

सहा अंडी झाली. एक खराब निघालं. धुण्याच्या यंत्राशेजारच्या खोलीत, उबवणीच्या पेटीत, बाकीची पाच जवळपास दोन महिने ठेवली. अंडी उलटू नयेत म्हणून त्यांच्यावर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. पाच पिल्लं निघाली, तीन साधी तपकिरी आणि दोन बापासारखी जाळीदार. त्यातल्या एकाची जाळी इतकी सुंदर होती की मी रोज त्याचे फोटो काढायचे. फोटो हलायचे. डोकं स्थिर राहत नाही हे मला दिसत होतं. मी कॅमेऱ्याची सेटिंग बदलली.

नागपंचमीला चार मराठी कुटुंबं आली. मी हाताने लिहिलेलं पत्रक वाटलं. मुलांना ते वाचता येईना, म्हणून त्यांनी त्याचे पंखे केले. त्या सुंदर जाळीचं पिल्लू तळहातावर घेऊन मी बोलायला उभी राहिले. ते मान उचलून डावीउजवीकडे झुलू लागलं. कोणीतरी फोनवर पुंगी लावली, हशा पिकला, आणि मी त्या डोलण्याकडे बोट दाखवून सगळ्यांना समजावलं की याला पुंगीशी काही देणंघेणं नाही. मग कशाशी आहे, ते मला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. टाळ्या पडल्या तेव्हा मीही हसत एक वाजवली.

एका सहा वर्षांच्या मुलीने तेवढं विचारलं, डचमध्ये. हा आजारी आहे का?

तिची आई हसली. 'आजारी कशाला? डोलतोय तो, बाळा.'

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, 'हा असाच असतो.'

पुढच्या आठवड्यात बाकीच्या चौघांनी पहिला उंदीर गिळला. याच्यासमोर मी चिमट्यात कोमट केलेलं उंदराचं पिल्लू धरलं की तो झेप घ्यायचा आणि चार बोटं बाजूला पडायचा. मग मान पिळवटून पाठीवर उलटायचा आणि पोट वर करून आपण कुठे आहोत ते शोधत राहायचा. नवरा माझ्यामागे उभा होता. तो म्हणाला, 'अगं, हा डोलत नाहीये. ह्याचा तोल जातोय.'

लायडस्खेनडाम-फोरबर्गला सरपटणाऱ्या प्राण्यांची एक डॉक्टर आहे. तिने पिल्लू टेबलावर ठेवलं, फार वेळ बघावं लागलं नाही. तिने सांगितलं की ज्या जनुकातून ही जाळी येते त्यातूनच हा दोषही येतो. कोणात कमी, कोणात जास्त, पण नक्षी घ्यायची तर तो घ्यावाच लागतो. नर देणाऱ्याने काही सांगितलं नव्हतं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सांगितलं होतं, वीबलतो म्हणून. तिने मान हलवली. तिच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ पुरेसा स्पष्ट होता.

नळीने भरवून महिनाभर बघितलं. हात लागला की ते पिळवटायचं, आणि भरवायचं तर हात लावावाच लागायचा. शेवटी डॉक्टर म्हणाली की आता आपण हे त्याच्यासाठी करत नाही आहोत. जेमतेम दीड वीत लांबीचं पिल्लू होतं. इंजेक्शननंतर माझ्या तळहातावर त्याचं डोकं पहिल्यांदा स्थिर झालं. त्या क्षणी ते मला सुंदर दिसलं, आणि याची मला अजून लाज वाटते.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, 'टाळी तूही वाजवलीस?'

'हो.'

मग त्यांनी पिल्लू केवढं होतं ते विचारलं, आणि मी रडले.

गारुड्यांना आम्ही पत्रकांतून किती बोललो. त्यांनी निदान पोट भरायला साप पकडला होता. मी माझ्या भाषणासाठी आणि एका नक्षीसाठी पैदा केला. वहीत डोलणे खोडून मी 'तोल जाणे' लिहिलं आहे. खोडलेला शब्द खालून वाचता येतो.

दुसरं जाळीदार पिल्लू आता मोठं झालं आहे. ते नर आहे. नेमाने खातं, पण मान उचलली की हलतं. मागच्या महिन्यात त्या मुलीच्या वडिलांचा निरोप आला: त्यांच्याकडे आता मादी आहे, तर तुमचा तो डोलणारा द्याल का? मी नाही म्हटलं. ते नाराज झाले. तो आमच्याकडेच राहील आणि त्याची नक्षी त्याच्याबरोबर संपेल.

तुम्हालाही कधीतरी अशी सुंदर नक्षी कोणी दाखवेल. पेटी हातात घेण्याआधी साप जमिनीवर ठेवायला सांगा आणि त्याचं डोकं बघा. हलत असेल तर का हलतं ते विचारा, आणि उत्तर तुमच्या स्वतःच्या भाषेत नीट कळेपर्यंत पुन्हा विचारा. कारण नक्षीच असेल, तर तो साप मागू नका आणि त्याची पिल्लं काढू नका. आणि घरात एखादं मूल 'हा आजारी आहे का' म्हणालं, तर हसून त्याला गप्प करू नका.