मी लपवलेली शून्यं

हे मी वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज सांगतो आहे, तेव्हा ज्याच्यावर आळ घेतला तो माणूस उरलेला नाही.

सातपूरचा कारखाना. मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही सहा जण. टेबलावर गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या बुशांची, म्हणजे दांड्यावर बसवायच्या धातूच्या कड्यांची, पेटी. मॅनेजरनं ड्रॉइंग काशिनाथच्या अंगावर भिरकावलं.

"डोंगरात शून्य शिकवत नाहीत का रे? आश्रमशाळेत नुसती खिचडीच खाल्ली वाटतं!"

सगळे हसले. मीही हसलो.

काशिनाथ सुरगाण्याकडचा आदिवासी, माझ्या हाताखालचा ड्राफ्ट्समन. हात इतका साफ की बोर्डावरचं त्याचं काम छापल्यासारखं दिसे. संगणकही तो माझ्याआधी शिकला. मी विभागप्रमुख, पंचवटीतल्या शिकलेल्या घरातला. आडनाव ऐकलं की लोक खुर्ची पुढे करत.

चूक अशी होती. २५.०० मिलिमीटर लिहिलं की लेथवरच्या टर्नरनं माप काटेकोर धरायचं. नुसतं २५ लिहिलं, तर थोडं कमीजास्त चालायचं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तसा तक्ताच असे. आता संगणकात मापाचे आकडे कसे दिसावेत हे ठरवायची एक खिडकी होती. तिथल्या एका चौकोनात खूण केली की शेवटची शून्यं दिसेनाशी होत. ड्रॉइंग सुटसुटीत दिसावं म्हणून ती खूण मी केली. प्रत्येक नवं ड्रॉइंग सगळे ज्या नमुन्यावरून सुरू करत, त्यातच केली.

काशिनाथच्या लगेच लक्षात आलं.

"साहेब, शून्यं गेली. छापायच्या आधी बघा."

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो. तपासणाऱ्याच्या रकान्यात सही ठोकली. काढणाऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव होतं. टर्नरनी कागद पाहून काम केलं. बुश ढिले निघाले. अख्खा लॉट परत.

मॅनेजरनं माफीनामा टाइप करूनच ठेवला होता. माझ्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, असा. काशिनाथनं तो शेवटपर्यंत वाचला.

"खिचडी खाल्ली, साहेब. खोटं नाय लिहिलं. सही नाय करणार." मग माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना विचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. एक वाक्य पुरलं असतं.

"त्याची चूक माझ्या नजरेतून सुटली," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळख मिटल्यासारखं. सहीची जागा कोरीच ठेवून तो बाहेर पडला. गेटवर वॉचमननं त्याचा जेवणाचा डबा उघडून तपासला. अकरा वर्षांची नोकरी गेली. पुढे औद्योगिक वसाहतीत त्याला कुणी उभं केलं नाही. तो दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला लागला. मला बढती मिळाली.

कारखाना नंतर बंद पडला. फायली रद्दीत गेल्या. दुरुस्त करायला ती नोंदही उरली नाही. तरी हे मी माझ्या सहीनिशी त्याच्या मुलीला पाठवणार आहे. तिनं न वाचता फाडलं तरी पाठवणार. क्षमा मागणार नाही. तो हक्क मी त्या केबिनमध्येच घालवला.

तो होता तेव्हा एकदा गेलो होतो त्याच्या घरी. निवृत्त झाल्यावर. त्यानं खाट टाकली. बायकोनं पाणी दिलं. त्याच्या हातांना फवारणीच्या औषधाचा वास येत होता.

"काय काम काढलं, साहेब?"

ओठांपर्यंत आलं होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "इकडनं चाललो होतो."