बाई वाचून ऐकायच्या

आमच्या बाईंना चिठ्ठी लिहून दिली, की त्या आधी लाल पेनानं ती तपासायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. चिठ्ठीत काहीही असो. एकदा कुणीतरी घाईघाईनं लिहून दिलं, 'शेजारचे आजोबा गेले, तुम्हि लवकर या.' बाईंनी 'तुम्ही'ची वेलांटी दुरुस्त केली, पेनाला टोपण लावलं आणि डोळे पुसत उठल्या.

वसमतच्या शाळेत त्यांनी आम्हाला मराठी शिकवलं. निवृत्तीच्या वर्षीच एका तापात त्यांचे दोन्ही कान गेले. नांदेडहून आणलेलं कानातलं यंत्र नुसतं शिट्टी मारायचं, ते आठवडाभरात कपाटात गेलं. मग घरभर वह्या झाल्या. पण लाल पेनाच्या धाकानं लोक कामापुरतंच लिहीत. तांड्यावरून दूध घेऊन येणाऱ्या सखूबाईंना लिहिताच येत नव्हतं, त्या हसून निघून जायच्या. आणि काका, म्हणजे बाईंचे यजमान, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, शिक्षण चौथी. त्यांनी तर लिहिणं सोडूनच दिलं होतं. हातवाऱ्यांवर संसार चालायचा. "आमच्या घरात आता भांडणसुद्धा होत नाही रे," बाई म्हणायच्या. त्यांना त्याचं फार वाईट वाटायचं.

स्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या धंद्यात नीट चालणारी वस्तू कुणी घेऊनच येत नाही, त्यामुळे नव्या वस्तूवर माझा विश्वास कमी. बाईंच्या मुलीनं पुण्याहून टॅब पाठवला आणि मला फोनवर सांगितलं, "यात बोललेलं मराठीत लिहून येतं म्हणे. आईला लावून देशील?" मी गेलो तो सबब तयार ठेवूनच. रेंज नाही म्हणू, नाहीतर टॅबला मराठी कळत नाही म्हणू.

टॅब बाईंच्या पुढ्यात ठेवून मी म्हणालो, "बाई, मी बोलतोय ते दिसतंय का?"

तेच शब्द, मोठ्या अक्षरांत, पडद्यावर उमटले. माझ्याच अंगावर काटा आला.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "आधीच लिहून ठेवलं होतंस. सातचा पाढा म्हण."

मी म्हणू लागलो. पडदा माझ्यामागे धावत होता. बाईंचा रंग उतरला. "मधेच चुकव," त्या हळूच म्हणाल्या.

"सात सक चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस लिहिलंय!" बाई ओरडल्या आणि तोंडावर हात ठेवून बसल्या.

काका दारात उभे होते. ते नेहमीसारखे पुटपुटले, "चहा टाकू का म्हून इचारतो तिला रोज, आता तरी सांगंल का?"

ते शब्द पडद्यावर आले. बाईंनी वाचले. पुन्हा वाचले. "रोज विचारता?"

"व्हय. सकाळ-संध्याकाळ."

"मला ऐकू येत नाही हे माहीत असून? सात वर्षं?"

"मग काय झालं? न इचारता टाकणं बराबर न्हाई."

सात वर्षं त्या समजत होत्या, की हा माणूस मुकाट्यानं पुढ्यात कप आदळतो आणि निघून जातो. मग त्या माझ्यावरच चिडल्या. "हे यंत्र चुकतंय. इथं 'विचारतो' लिहिलंय. हे 'इचारतो' म्हणतात. पस्तीस वर्षं ऐकलंय मी. तसंच लिहायला सांग त्याला."

मी थक्क झालो. वेलांटीसाठी आमची बोटं लाल करणाऱ्या बाई! "तसं नाही होत बाई, ते शुद्ध करूनच लिहितं," मी म्हणालो. "मग कानाडोळा करते," त्या म्हणाल्या.

त्यानंतर टॅब त्यांच्या हातातून सुटला नाही. सखूबाई दुधाची किटली खाली ठेवून तासतासभर बोलू लागल्या. आठवडाभरातच बाई मला दुकानात येऊन सांगून गेल्या, "काल आमचं कडाक्याचं भांडण झालं!" चेहरा असा, की जणू बक्षीस मिळालंय.

दीड वर्षानं त्यांचं पोट दुखू लागलं. नांदेडच्या दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि बाईंकडे पाठ करून काकांना हलक्या आवाजात सांगितलं, "आता फार काही करता येणार नाही. दोन-तीन महिने."

टॅब बाईंच्या चादरीवरच पडला होता. त्यानं तेही लिहिलं.

काकांनी झडप घालून तो उचलला आणि छातीशी धरला. इतकी वर्षं मी चालत नसलेल्या वस्तूंना शिव्या घातल्या. त्या क्षणी वाटलं, हा एकदा तरी बंद पडायला हवा होता.

"द्या इकडे," बाई म्हणाल्या. "मी वाचलंय."

काका रडत म्हणाले, "काहून वाचलं तुम्ही?" आयुष्यात पहिल्यांदा ते त्यांना 'तुम्ही' म्हणाले असावेत.

बाईंनी टॅब घेतला, मांडीवर नीट ठेवला. "डॉक्टरसाहेब, आजारी मी आहे. मला सांगा. फार दुखेल का?"

डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि एकेक गोष्ट सांगत गेले. बाई वाचत होत्या, मधे थांबवून प्रश्न विचारत होत्या. कुणी त्यांना गप्प केलं नाही.

सव्वादोन महिन्यांनी त्या गेल्या.

माझ्या दुकानात म्हातारी माणसं येतात. सोबत लेक असतो, नाहीतर सून. ते माझ्याशी बोलतात, "यांना काही कळत नाही, तुमीच करून द्या." पूर्वी मीही मान हलवायचो. आता मी स्टूल घेऊन त्या म्हाताऱ्या माणसासमोर बसतो आणि विचारतो, "काय होतंय? तुमी सांगा." बहुतेकांना धक्काच बसतो. ती आधी लेकाच्या तोंडाकडे बघतात. मग बोलायला लागतात.