हरवलेल्या साइटींचा माग काढणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई रामटेके यांची आणि माझी पहिली ओळख फोनवर झाली, आणि ती मला मुळीच सुखाची वाटली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी मी दुर्गला वेबसाइट बनवून देण्याचा व्यवसाय करत होतो. एका दुपारी एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांनी आपले नाव सांगितले, भिलाईला कैंप-1 या वस्तीत आपले छोटे ऑफिस आहे असे सांगितले आणि विचारले, "उतईच्या साहूजींची साइट तुमीच बनवली ना? मले फक्त एवढं सांगा, कोणत्या दिवशी काय बदललं."

मला ते सांगता आले नाही, कारण मी तशी नोंदच ठेवली नव्हती. मग मी जरा चढ्या आवाजात त्यांना ऐकवले की साइट व्यवस्थित चालू आहे, सर्चचे नियम रोज बदलतात, आणि साहूजींनी जाहिरात करावी हे उत्तम. ताईंनी वाद घातला नाही. उद्या अकरा वाजता लॅपटॉप घेऊन या, एवढेच म्हणाल्या.

रामेश्वर साहू हे उतईचे कारागीर. जन्मतः पावले आत वळलेल्या बाळांसाठी ते खास बूट बनवतात. अशा बाळांना प्लास्टर निघाल्यावर पट्टीला जोडलेले हे बूट काही वर्षे घालावे लागतात, आणि पाय वाढेल तसा मोठा जोड घ्यावा लागतो. खंड पडला तर पाऊल पुन्हा वळू शकते. लांबलांबच्या गावांतले आईबाप मोबाइलवर शोधत साहूजींपर्यंत पोचत. मी त्यांची जुनी साइट काढून नवी, दिसायला देखणी साइट बनवून दिली, आणि त्यानंतर महिन्याभरात फोन येणे जवळजवळ बंद झाले. पत्ता पूर्ण टाइप केला तर साइट उघडत होती. शोधले तर मात्र सापडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कैंप-1 ला गेलो. बाजाराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, दोन टेबले आणि भिंतीशी वह्यांची चळत. साहूजी आधीच येऊन बसले होते. ताई माझ्याहून बऱ्याच मोठ्या, तरी त्यांनी मला 'प्रशांतभाऊ' म्हटले आणि आपल्या शेजारची खुर्ची दिली. पुढच्या तासाभरात त्यांनी जे केले ते आता मी रोज करतो. साइट शोधात खाली घसरली आहे की सर्चच्या यादीतूनच गेली आहे, हे त्यांनी आधी पाहिले. दोन्हींची कारणे वेगळी असतात. सर्चला फक्त या साइटची पाने दाखवायला सांगितले, तेव्हा एकही पान आले नाही. म्हणजे साइट यादीतच नव्हती. मग मुख्य पानाचा मागचा मजकूर, म्हणजे कोड, उघडून त्या एकेक ओळ वाचू लागल्या. विसाव्या-बाविसाव्या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

हे पान यादीत घेऊ नये, असा सर्चसाठी निरोप त्या ओळीत होता. साइट तयार होत असताना अर्धवट पाने लोकांना दिसू नयेत म्हणून मीच ती ओळ घातली होती आणि काम संपल्यावर काढायला विसरलो होतो.

साहूजी खाली चहा सांगायला गेले, तेव्हा ताईंनी हळू आवाजात विचारले, "त्याईले मी सांगू की तुमी सांगता?"

मी म्हटले, तांत्रिक कारण होते एवढे सांगितले तर चालणार नाही का.

"तांत्रिक म्हटलं का कोणाचीच चूक नाई असं वाटते माणसाले. अन् ते महिनाभर सोताच्या बुटाईतच खोट शोधून राहिले."

ती गोष्ट मला ठाऊक नव्हती. फोन बंद झाल्यावर साहूजींना वाटले होते की आपला माल खराब निघाला असावा, कोण्या बाळाच्या पायाला जखम झाली असावी आणि गावोगाव ती बातमी पसरली असावी. त्यांनी शिल्लक जोड उसवून शिलाई तपासली होती. ते वर आले तेव्हा मी उभा राहून माझी चूक सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. रागावले असते तर मला सोपे गेले असते. मग त्यांनी ताईंनाच विचारले, "तो दीदी, बूट में कोई खराबी नहीं थी?"

ताई म्हणाल्या, नव्हती.

ती ओळ ताईंनी मलाच काढायला लावली. साइट कधी परत दिसेल, या साहूजींच्या प्रश्नाला मात्र त्यांनी तारीख दिली नाही. सर्च पुन्हा येऊन पाने वाचील तेव्हा, आणि ते आपल्या हातात नाही, असे स्पष्ट सांगितले. मग त्यांनी साहूजींकडून जुन्या गिऱ्हाइकांची वही मागवली. ज्या बाळांचे पुढच्या मापाचे बूट घ्यायचे दिवस आले होते त्यांची नावे काढली, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघे फोन करत बसलो. बालोदकडच्या एका आईने सांगितले की तिने मोबाइलवर पुष्कळ शोधले, काही सापडले नाही, तेव्हा दुकान बंद पडले असे समजून ती जुन्याच बुटाला पुढून कापून फडक्याने बांधत होती. तो फोन मीच लावला होता. मी साहूजींच्या हातात दिला. त्यांनी माप विचारून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने जोड घेऊन ते स्वतः गेले.

दोन आठवडे झाले तरी साइट परतली नाही. ताईंनी पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतले. जुन्या साइटच्या पानांचे पत्ते मी नव्या साइटकडे वळवलेच नव्हते, हे तेव्हा लक्षात आले. दवाखान्यांनी आणि पालकांनी जिथे जिथे जुना पत्ता दिला होता, तिथून येणारा माणूस रिकाम्या पानावर पोचत होता. तीही चूक माझीच. या वेळी कोणी सांगायचे हे ताईंनी विचारले नाही, आणि विचारायची वेळ मीही येऊ दिली नाही. ते पत्ते वळवल्यावर काही दिवसांनी साइट आधी साहूजींच्या नावाने, मग बुटांच्या नावाने दिसू लागली. साहूजींचा फोन पुन्हा वाजू लागल्याचे ताईंनी वहीत एका ओळीत लिहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला विचारले, माझ्याकडे काम कराल का. मी का म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "ही चूक तुमी आता दुसऱ्याच्या कामात लवकर पकडसान."

ताईंचे घराणे मूळचे भंडारा जिल्ह्यातले. वडील इथल्या पोलाद कारखान्यात होते. ताई स्वतः तिथेच रूळ तपासणीच्या विभागात नोंदी ठेवण्याचे काम करत. एखाद्या रुळात भेग दिसली की त्यावरच्या नंबरावरून ते पोलाद कोणत्या दिवशी, कोणत्या भट्टीतून निघाले, इथपर्यंत मागे जायचे, हे काम त्यांनी वीस वर्षे केले. कॉम्प्युटर त्या तिथेच शिकल्या. पंचेचाळिशीत स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी हे ऑफिस उघडले, तेव्हा आप्तांना ते फारसे रुचले नव्हते, असे त्यांच्या भगिनींकडून कळते. ताई स्वतः त्याविषयी बोलत नाहीत.

त्यांच्याकडे येणारे सर्वच साहूजींसारखे नसतात. एका क्लासच्या मालकांनी साइट वर यावी म्हणून शेकडो खोटे दुवे जोडून घेतले होते, आणि लबाडी पकडली जाऊन साइट यादीतून काढली गेली होती. ताईंनी त्यांना सर्व दुवे काढून, काय केले ते सर्चच्या कंपनीकडे लिहून द्यायला सांगितले. लिहून देणे सोडून काहीही करा, असे ते म्हणाले. ताईंनी त्यांची फाइल त्यांच्यासमोर ठेवली आणि पुढच्या माणसाला बोलावले.

गौरवलेखात उणे लिहू नये असा संकेत आहे, पण पुढची गोष्ट वगळली तर ताईंचे चित्र अपुरे राहील. दुर्गच्या एका रोपवाटिकेची साइट गायब झाली, तेव्हा ताईंनी सर्व्हरवर ठपका ठेवला आणि तसे लिहूनही दिले. त्या बिचाऱ्यांनी सर्व्हर बदलला. खरे तर कोणीतरी साइटमध्ये शिरून औषधांच्या जाहिरातींची लपवलेली पाने भरून ठेवली होती, आणि ते सहा आठवड्यांनी कळले. ताईंचे गुडघे तेव्हाही दुखत. तरी त्या रिक्षाने दुर्गला गेल्या, रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना "मी घाईत लिवलं, माहं चुकलं" असे सांगून आल्या, आणि ते काम शेवटपर्यंत स्वतः केले. परत आल्यावर आमच्या वहीत त्यांनी आपल्या नावासमोर ती चूक लिहिली. ती वही ऑफिसात येणाऱ्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी वाचायला दिली जाते.

माझ्यावर त्यांचे आणखी एक ऋण आहे. मी मराठी घरात बोलत असे, लिहीत कधीच नसे. दोन वाक्यांनंतर माझी गाडी हिंदीवर जाई. मी लिहिलेला पहिला अहवाल ताईंनी परत केला. साहूजींच्या किंवा बालोदच्या त्या आईच्या हातात दिला तर कळेल असा लिहा, म्हणाल्या. मराठी गिऱ्हाइकांना मराठीत, इतरांना हिंदीत, पण कळेल असा. तो मी पाच वेळा लिहिला. आज हा लेख मला लिहिता येतो आहे, तो त्या परत आलेल्या अहवालामुळे.

ताईंच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरले, तेव्हा त्यांनी विरोध केला. मग म्हणाल्या, काढताच आहात तर खरे लिहा. गेल्या महिन्यात त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्यांचा फोन आला. माझी खुशाली विचारून झाल्यावर, आमच्याकडे आलेल्या राजनांदगावच्या हरवलेल्या साइटचे काय झाले, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, अजून सापडली नाही. "मंग पयल्या ओळीपासून वाचा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या गुडघ्याचीही शस्त्रक्रिया नीट पार पडो, कैंप-1 चा तो जिना ताईंना आधाराविना चढता येवो, आणि पुष्कळ वर्षे त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायला मिळो, हे मागणे मी या ग्रंथाच्या सर्व वाचकांच्या वतीने मागतो. राजनांदगावची साइट परवा सापडली.