बाबांच्या बंदुकीचे सुटे भाग

बाबा साजगावच्या एका कारखान्यात बंदूक घेऊन पहारा द्यायचे. बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची, एकनळी. निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा केलेली ती परत आली, तेव्हा तिचा चाप अडकत होता.

मी कर्जतला दातांच्या दवाखान्यात काम करते. तिथलं जुनं अल्ट्रासोनिक मशीन डॉक्टरांनी मला देऊन टाकलं होतं. पाण्यात बारीक बुडबुडे उठवून ते दात तपासायच्या हत्यारांच्या फटीतली घाण काढतं. मीच म्हटलं, "बाबा, यात धुऊ या."

सकाळी त्यांनी नळी अंगणातल्या मातीकडे करून बंदूक उघडली. "रिकामी हाय. तू पण बघ गं." मी पाहिलं. काडतुसं आतल्या कपाटात कुलूपबंद होती. चापाचे लहान भाग त्यांनी सुटे केले आणि घासलेटची बाटली आणली.

"बाबा, घासलेट नको. मशीन तापतं, भडका उडेल."

पाणी आणि साबणाचे चार थेंब घातले. काजळीत शिसं असतं म्हणून हातमोजे घातले, झाकण लावलं. पाणी काळं झालं, भाग लख्ख निघाले. बाबा लहान मुलासारखे बघत राहिले. मी ते पुसून कागदावर मांडले आणि कामावर गेले. दवाखान्यात आम्ही असंच करतो.

संध्याकाळी येऊन पाहते तर सगळ्यांवर तांबूस गंज. दवाखान्यातली हत्यारं स्टीलची, न गंजणारी. हे साधं लोखंड, आणि मशीनने घाणीबरोबर त्याचं तेलही धुऊन काढलं होतं.

"तुम्ही तेल का नाही लावलं?"

"मला वाटलं, तुमच्या दवाखान्याची रीत हाय. आपण कशाला हात लावा?"

दोन दिवस ते तेलाच्या फडक्याने घासत बसले. मग बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने भिंगातून पाहिलं. काडतुसावर आपटणारा घोडा अडवून धरणाऱ्या खाचेची कड झिजली होती. "बंदुकीत काडतूस घालू नका. चापाला हात न लावता सुटेल."

"परवाच्या गंजाने झालं का?" मी विचारलं.

"आधीचंही असेल. आता काय सांगणार?"

तसा भाग कुठेच मिळाला नाही. कारखान्याने दुसरा बंदूकवाला ठेवला आणि बाबांना गाड्यांसाठी फाटक उघडायला बसवलं.

बंदुकीचं कोणी विचारलं तर ते म्हणतात, "जुनी झालती ती." मी शेजारीच असते. मशीनचं सांगायला तोंड उघडते, तर ते मला चहा टाकायला सांगतात.