खांद्यापर्यंतची भिंत

त्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सहाला तो सायकलवरून कामावर हजर, आणि बाकीचे गवंडी चहा संपवेपर्यंत त्याचा पहिला माल कालवून तयार. मी बावीस वर्षं त्याच्यासाठी परांची बांधली. सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला बांधून सोडतात, ते वजन. खरं नाव मजुरीच्या पावतीवर असायचं, कुणाच्या तोंडात नाही.

गिलाव्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सुताचीही चूक दिसली तर ओला गिलावा खरवडून पुन्हा मारायचा. "इथे कपाट येणार, कोण बघतंय?" असं कुणी म्हटलं, तर म्हणायचा, "कपाट बघतं."

एका शनिवारी आठवड्याच्या मजुरीचं पाकीट खिशात घालून तो घरी निघाला होता. वळणावर मागून आलेल्या मोटारीनं त्याला उडवलं. उजवा खांदा मोडला, दोन शस्त्रक्रिया झाल्या. चूक आपली, हे गाडीवाल्यानं तिथल्या तिथे कबूल केलं. भरपाई त्याच्या विमा कंपनीनं द्यायची होती. किती, एवढंच ठरायचं होतं.

जखम भरल्यावर कंपनीच्या डॉक्टरांनी बोलावलं. मी सोबत गेलो.

"हात वर करा."

त्यानं केला. अगदी कानाला लावून. मी मागे दाराशी उभा होतो. त्याच्या मानेवरची ताठलेली शीर मला दिसत होती, डॉक्टरांना नाही.

"दुखतं का?"

"चालायचंच."

कागदावर लिहिलं गेलं, हालचाल पूर्ववत. कंपनीनं दवाखान्याचा खर्च आणि तीन महिन्यांची मजुरी देऊ केली.

"दुखतं म्हणायला जीभ झडली होती का तुमची?" वहिनी कडाडली.

"हात वर करा म्हणाले. केला."

"उद्या विहिरीत उडी मारा म्हणतील."

"खोली विचारेन."

वहिनी हसली नाही. दोन मुली शिकत होत्या आणि घर तिच्या शिवणयंत्रावर चाललं होतं. तो सही करायला निघाला होता. "भीक नको पण कुत्रा आवर," म्हणाला. मी म्हटलं, थांब, एक साक्षीदार आहे.

ओळखीच्या एका नर्सबाईंच्या घरी त्यानं अपघाताआधी तीन भिंतींचा गिलावा केला होता. चौथी राहिली होती. गळ्यातली झोळी सुटल्यावर ती पुरी करायला तो एकटाच गेला. दोन दिवसांच्या कामाला नऊ दिवस लागले. खाली भिंत आरशासारखी, वर मात्र पोट सुटलेलं. त्यानं मजुरी घेतली नाही, आणि त्या गल्लीतून जाणंही सोडलं.

"ती भिंत कंपनीच्या साहेबाला दाखव," मी म्हणालो.

"माझं वाईट काम दाखवून पैसे घेऊ?" त्याचा आवाज चढला. "बावीस वर्षं परांची बांधलीस, आता पायाखालची फळी काढतोस?"

वहिनीनं मशीन थांबवलं. "तुमच्या अब्रूवर वाणी उधार देत असता, तर मी गप्प बसले असते."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभा. "पट्टी मी धरणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

कंपनीचा साहेब आला. तरुण होता, सभ्य होता, घाईत होता. ओळंब्यानं स्वतः डाव्या हातानं लांब पट्टी जुन्या भिंतींना लावून दाखवली. मधून कागद जाईना. मग चौथी. खाली तसंच. पट्टी वर सरकवली आणि फटीतून साहेबाचं पेन आरपार गेलं. मी भिंतीला लावून बॅटरी मारली. वरच्या भागात सावल्याच सावल्या. चूक जिथे सुरू होत होती तिथे त्यानं पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. रेघ बरोबर खांद्याशी आली.

"इथपर्यंत मी आहे," तो म्हणाला. "वर नाही."

साहेबानं पेन खिशाला लावलं. मग म्हणाला, "मिस्त्री, हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी एकदा हात वर करायला सांगितलं. भिंतीला दिवसभर करावा लागतो."

पुन्हा तपासणी झाली. या वेळी हातात थापी देऊन दहा मिनिटं हात वर धरायला लावला. चौथ्या मिनिटाला थापी पडली. ती उचलायला वाकला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. दुखण्यानं नव्हे.

कंपनी सहा वर्षांच्या मजुरीवर आली. वहिनी कागद परत सरकवून म्हणाली, "साठीपर्यंत अजून चौदा वर्षं काम केलं असतं त्यांनी. उरलेली आठ वर्षं काय भिंतीला टेकून बसतील?" तीन खेपा झाल्या. दहा वर्षांवर मिटलं. ते न्याय्य होतं, असं सगळे म्हणाले. तो रक्कम न विचारता सही करून उठला. पैसे मुलींच्या आणि घराच्या नावे गेले. त्यानं त्यांना हात लावला नाही.

त्या शनिवारचं पाकीट दवाखान्यानं त्याच्या कपड्यांबरोबर परत दिलं होतं. ते तसंच बंद होतं. ते घेऊन तो ज्याला जन्मभर थापाड्या म्हणून हिणवलं, त्या गवंड्याकडे गेला आणि नर्सबाईंची चौथी भिंत करायला सांगितली.

"रेघेच्या वरचंच फोडतो," थापाड्या म्हणाला. "खालचं सोनं आहे, ओळंब्या."

"जोड दिसेल. सगळी फोड."

नर्सबाई नको नको म्हणत होत्या. तो स्टुलावर बसून राहिला. वरचा गिलावा भराभर निघाला. रेघेच्या खाली छिन्नी अडायला लागली, एकेका ठिकाणी तीन-तीन घाव घालावे लागले. जमिनीपर्यंत विटा उघड्या पडल्या, तरी तो हलला नाही.

भिंत झाल्यावर त्यानं पट्टी लावून पाहिली. मग पाकीट फोडलं. त्याच्या हातची शेवटची मजुरी नव्या गिलाव्याला पुरली, आणि जुना उचलून नेणाऱ्या हातगाडीला.