वाया न घालवलेलं वर्ष

"हाड मोडायच्या बेतात आहे. आजपासून या पायावर अजिबात भार टाकायचा नाही," बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर म्हणाल्या आणि माझ्या अठरा वर्षांच्या सानिकाच्या हातात कुबड्या आल्या. निदान होतं फिमोरल नेक स्ट्रेस फ्रॅक्चर. म्हणजे मांडीचं हाड खुब्यात बसतं, तिथल्या अरुंद भागाला सततच्या ताणाने गेलेला तडा.

जांघेत दुखतंय असं ती दोन महिने सांगत होती. मी तेल चोळून दिलं. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, एक्स-रे काढायला लावला, त्यात काही दिसलं नाही. मग एमआरआयची पाच आठवडे वाट पाहिली. तेवढ्यात ती आणखी दोन शर्यती धावली, आणि कडेला उभं राहून टाळ्या पिटणारी मीच होते.

डॉक्टरांनी पाळीचं विचारलं. सात महिने आली नव्हती, आणि ते मला तेव्हा कळलं. धावण्याच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं, हाडं कमजोर होतात, असं त्यांनी समजावलं. तुमची मुलगी धावत असेल तर हे आजच विचारा. लाजू नका.

सप्टेंबरात सानिका अमेरिकेतल्या कॉलेजात जायची होती, पळण्याच्या स्कॉलरशिपवर. पायाचं कळवल्यावर तिथल्या कोचचा मोठा ईमेल आला. तिथे खेळाडूला पाच वर्षांत चार सीझन मिळतात. एखाद्या वर्षी संघाबरोबर सराव करायचा, पण शर्यत एकही धावायची नाही, याला ते रेडशर्ट म्हणतात. तो सीझन खर्ची पडत नाही. मात्र पाच वर्षांचं घड्याळ थांबत नाही, आणि कुठल्याही देशात पूर्णवेळ कॉलेज सुरू केलं की ते चालू होतं. "तिला वर्षभर घरी राहू द्या. कुठेही पूर्णवेळ नाव घालू नका. रेडशर्ट पुढे लागला तर हाताशी राहील," असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. तरीही पोरगी वर्षभर घरी बसणार, ही कल्पनाच मला सोसेना. पुण्याच्या नातेवाइकांना काय सांगायचं? अभ्यासाने कुणाचं काय बिघडलंय, असं म्हणून मी तिला इथल्या युनिव्हर्सिटीत पूर्णवेळ घातलं. कुबड्या घेऊन ती बसने लेक्चरला जायची. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं.

पुढच्या वर्षी ती अमेरिकेला गेली. कोचनी कागद पाहिले आणि शांतपणे सांगितलं की तिचं एक वर्ष संपलेलं आहे. चार सीझन, चारच वर्षं. पहिला सीझन ती सुंदर धावली. दुसऱ्या वर्षी त्याच जागी हाड पुन्हा गेलं. ऑपरेशन झालं, तीन स्क्रू बसले. मी तिकडच्या वेटिंग रूममध्ये बसले होते आणि तो ईमेल मला शब्दन् शब्द आठवत होता.

तिसरं वर्ष पुन्हा चालायला, मग हळूहळू पळायला शिकण्यात गेलं. तिच्या फिजिओथेरपिस्टचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. चौथ्या वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत सानिकाने आयुष्यातली सर्वात चांगली वेळ नोंदवली. कोच तिला आणखी एक वर्ष ठेवून घ्यायला तयार होते. पण घड्याळ संपलं होतं.

एअरपोर्टवरून घरी येताना ती म्हणाली, "आई, माझा पाय आता एकदम ठीक आहे. फक्त वर्ष नाही राहिलं."

तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

हे नियम सारखे बदलतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नका. कॉलेजच्या ऑफिसला लेखी विचारा, आणि उत्तर आलं की माझ्यासारखं शहाणपण करू नका.

काल कालव्याकाठून पळून आल्यावर बूट काढता काढता सानिका म्हणाली, "आता एक वर्ष मी काहीच नाही करणार." मास्टर्सचे फॉर्म, नोकरी, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

"बरं," मी म्हटलं, आणि तिला जेवायला वाढलं.