डोहाला घातलेलं खत

राहात्याजवळच्या आमच्या मळ्यात ऊस नवा होता आणि माझं शहाणपण त्याहून नवं. पांढरं खत नुकतंच गावात यायला लागलं होतं. एक गोणी पुरते म्हणून सांगितलं की मी हमखास दोन टाकायचो आणि वर पाटाचं पाणी मोकळं सोडायचो. उरलेलं पाणी बांधावरून ओढ्यात आणि ओढ्यातून खालच्या डोहात जाई. पाण्याबरोबर खतही जात असेल, हे डोक्यातच आलं नाही.

त्या डोहावर एका भोयाचं पोट होतं. आम्ही त्याला मामा म्हणायचो. त्याला ना शेत, ना गुरं. त्याने मासे धरायचे आणि मामीने ते बाजारात विकायचे. पहिल्या वर्षी पाणी जरा हिरवट झालं आणि मासे चांगले पोसले. तुमच्या मळ्याचं पाणी मानवलं, असं मामा म्हणाला आणि मीही फुशारलो.

पुढच्या उन्हाळ्यात डोहावर शेवाळाची जाड साय धरली, पाण्याला वास सुटला. एका सकाळी मामा धावतच मळ्यात आला. मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

"भुकेजल्यात वाटतं, मालक. कायतरी करा."

मला एकच औषध ठाऊक होतं. पीक मलूल दिसलं की खत. मी अर्धी गोणी डोहात ओतली आणि मामाने ती बांबूने नीट ढवळली.

आठवड्याभरात मासे उलटे होऊन तरंगू लागले. आम्ही फांद्यांनी पाणी झोडपलं, विहिरीच्या बादल्या आणून ओतल्या. पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचे पाय धरले, पण पाण्याच्या पाळीला अजून पंधरा दिवस होते आणि पाटाच्या दाराची चावी त्याच्या हातात नव्हती. काठावर बसून बघत राहण्यापलीकडे काही उरलं नाही. शेवाळ कुजताना पाण्यातली हवा खातं आणि खताने शेवाळ माजतं, हे मला पुष्कळ वर्षांनी शेतकी कॉलेजातल्या एका मास्तरांनी समजावलं.

मामाने मला बोल लावला नाही. गाव सोडताना, जाळी गाडीत भरता भरता, एवढंच म्हणाला, "तुमी भल्यासाठीच केलं हुतं." त्याने बोल लावला असता तर बरं झालं असतं.

वर्षभरातच बहात्तरचा दुष्काळ आला आणि निम्मा गाव खडी फोडायला गेला. भोईसुद्धा दुष्काळामुळेच गाव सोडून गेला, असं गावात अजून सांगतात. मी समोर बसलेला असतो आणि मान डोलावतो.